ताप आला तर अंगावर काढू नका

खामगावातून बोलतोय. मागच्या भागात माझ्या मणक्याच्या संधिवाताबद्दल, म्हणजे अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसबद्दल बोललो, तर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "भाऊ, त्या इंजेक्शनचा त्रास होतो का?" होतो. पण सगळा त्रास सारखा नसतो. आज तेवढंच सांगतो.

माझं इंजेक्शन ॲडालिमुमॅब. दर पंधरा दिवसांनी ४० मिलिग्रॅम, पोटावर नाहीतर मांडीवर, कातडीखाली. २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कंपनीने याचं जगातलं पहिलं बायोसिमिलर भारतात आणलं. शरीरात टीएनएफ नावाचं प्रथिन सूज वाढवतं, हे औषध त्याला अडवतं. म्हणून दुखणं कमी होतं. पण तेच प्रथिन जंतूंशी लढायलाही लागतं. खरी गोम तिथेच आहे.

आधी न घाबरण्यासारखं. टोचलेली जागा लाल होते, खाजते, सुजते. चाचण्यांमध्ये १०० पैकी साधारण २० जणांना असं झालं. गंमत म्हणजे, ज्यांना औषधच नसलेली सुई दिली त्यांच्यातही १४ जणांना झालं! दोन-चार दिवसांत बसतं. मी इंजेक्शन फ्रीजमधून अर्धा तास आधी काढून ठेवतो, म्हणजे कमी झोंबतं. उन्हात किंवा गरम पाण्यात मात्र ठेवायचं नाही. दर वेळी जागा बदलायची. डोकेदुखी, सर्दी, पुरळ हेही बऱ्याच जणांना होतं. डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता माझी चूक ऐका. दुसऱ्याच महिन्यात ताप आला. घरात लग्न होतं. पॅरासिटामॉल घेत तीन दिवस अंगावर काढला. शेवटी आईनेच अकोल्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "पुढचा डोस घेऊ नका, आत्ता निघा." न्यूमोनिया निघाला. पाच दिवस ॲडमिट होतो. डोस परत कधी सुरू करायचा, तेही डॉक्टरांनीच ठरवलं.

दुसरी गोष्ट टीबीची. आपल्याकडे अनेकांच्या शरीरात टीबीचे जंतू झोपलेले असतात, आणि त्यांना कोंडून ठेवायला टीएनएफची मदत होते. म्हणून इंजेक्शन सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी करतात. ती टाळू नका. नंतरही खोकला दोन आठवडे हटला नाही, संध्याकाळी कणकण, रात्री घाम, वजन घटणं असं काही दिसलं तर परत तपासा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते.

आणि चेहरा सुजला, श्वास लागला तर वाट बघू नका, १०८ लावा.

एवढं ऐकून इंजेक्शन आपल्या मनाने बंद करू नका बरं का. माझी पाठ आज सकाळी सरळ होते ती त्याच्यामुळेच. फक्त डॉक्टरांचा नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करा, आणि घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा: याला ताप आला, तर आधी फोन.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!