वजनाची गोळी आणि उडालेली झोप

(महिला मंडळाच्या आरोग्यविषयक सभेत केलेले भाषण)



यंदा चळवळीच्या इतिहासावर नको, तब्येतीवर बोला, असा मंडळाचा आदेश आला. विषयही त्यांनीच दिला : वजन उतरवण्याचं औषध सुरू केलं आणि रात्रीची झोप गेली, तर काय करावं. आम्ही डॉक्टर नाही. गिरणीत तिन्ही पाळ्या करणारे कामगार. जे काही शिकलो ते वाचनालयात आणि संघटनेत. परंतु वस्तीतल्या माणसांना दवाखान्यात घेऊन जाणं, त्यांचे कागद वाचणं, डॉक्टरांना प्रश्न विचारणं, हे काम आम्ही पुष्कळ वर्षं करत आलो आहोत. त्याच्या जोरावर बोलतो.

झोप काय चीज आहे हे रातपाळीवाल्याला विचारावं. सकाळी घरी यायचं, पत्र्याचं घर तापलेलं, पोरांचा कालवा, नळाला पाणी आलेलं. डोळे मिटतात पण झोप लागत नाही. आठवड्याने पाळी बदलली की पुन्हा सगळं उलटं. अशा माणसाचं पोट सुटतं, आणि लोक म्हणतात हा आळशी. आता शास्त्र सांगतं की झोप कमी पडली की शरीरात भूक वाढवणारं द्रव्य वाढतं आणि पोट भरल्याची खूण देणारं द्रव्य कमी होतं. म्हणजे जागरण आणि वजन हे एकमेकांना धरून चालतात. पहाटे चारला उठून डबे करून लोकल गाठणाऱ्या आमच्या कल्याण-डोंबिवलीच्या बायांना हे वेगळं सांगायला नको.

आता एक घडलेली गोष्ट. २००९ साल असेल. कल्याण पूर्वेला आमच्या शेजारच्या एक वहिनी ठाण्याला पॅकिंगच्या कामाला जायच्या. वजन ब्याऐंशी किलो, गुडघे दुखायचे. स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात त्यांना वजनाच्या कॅप्सूल लिहून दिल्या. रोज एक. कधी घ्यायची ते कोणी सांगितलं नाही. आपल्याकडे औषध म्हटलं की रात्री जेवून घ्यायचं, तशी त्या घ्यायच्या. पहिला आठवडा खूश होत्या, भूकच लागेना. पण रात्री डोळा लागेना. छातीतले ठोके कानात ऐकू यायचे, तोंडाला कोरड पडायची. दीड-दोन वाजता उठून भांडी घासत बसायच्या.

मग घरात सल्ले सुरू झाले. सासूबाई म्हणाल्या नजर लागली, उतारा टाका. (धम्म घेऊन इतकी वर्षं झाली तरी लिंबू-मिरची काही सुटत नाही, हे इथे बोललंच पाहिजे.) नवरा म्हणाला, तू विचार फार करतेस. शेजारच्या पोरांनी चेष्टा केली, हिला ठाण्याला न्या. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, हजारो माणसं तिथून बरी होऊन घरी गेली. पण आपल्या बोलण्यात 'ठाण्याला नेणं' म्हणजे शिवीच झाली आहे. या भीतीने माणूस झोपेची तक्रार तोंडातून काढत नाही. शेवटी एका मेडिकलवाल्याने चिठ्ठीवाचून झोपेच्या गोळ्या दिल्या. झोप लागली, पण सकाळी गुंगी जाईना. एके दिवशी गाडी पकडताना पाय घसरला. बायांनी दंडाला धरून आत ओढलं म्हणून वाचल्या.

मग त्या आमच्याकडे आल्या. आम्ही काही मोठं केलं नाही. खोक्यातला कागद मागितला. बारीक इंग्रजीत छापलेला. वस्तीतल्या कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीला शब्दकोश घेऊन बसवलं. तिने अर्धा तास खपून वाचलं : झोप न येणं, तोंड कोरडं पडणं, रक्तदाब वाढणं. सगळं लिहिलेलंच होतं. म्हणजे नजर नाही, वेड नाही, विचार नाही, कॅप्सूलच. वहिनी तो कागद वाचून रडल्याच. आपण वेड्या होत चाललो नाही एवढं कळलं हेच त्यांना पुष्कळ झालं.

त्यांना आठ दिवस वहीत लिहायला लावलं : कॅप्सूल किती वाजता, चहा किती वेळा, झोप किती वाजता लागली, जाग कधी आली. ती वही, कागद आणि झोपेच्या गोळीची पट्टी घेऊन पुन्हा त्याच दवाखान्यात गेलो. वही पुढे केल्यावर डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. वाढलेला होता. त्यांनी कॅप्सूल बंद केली, झोपेच्या गोळ्याही रीतसर कमी करत सोडवल्या. काही दिवसांत झोप परत आली. वजन पुढे थोडं परत आलं, तेही खरं आहे.

त्या कॅप्सूलमधलं औषध होतं सिब्युट्रामिन. मेंदूत नॉरअ‍ॅड्रिनलिन आणि सेरोटोनिन नावाची द्रव्यं आहेत. ती हे औषध टिकवून धरतं, म्हणून भूक मरते. पण तीच यंत्रणा माणसाला जागंही ठेवते आणि हृदय पळवते. खातं एकच, मशीन एकच. एक चाक जोरात फिरवलं की दुसरं फिरणारच. म्हणून ते औषध सहसा सकाळी घ्यायचं असतं. सुमारे ९,८०० लोकांवर त्याची मोठी चाचणी झाली, सगळे हृदयविकाराचे किंवा मधुमेहाचे. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात औषध घेणाऱ्यांत जास्त निघाले. २०१० साली युरोप-अमेरिकेतून ते काढून घेतलं गेलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये आपल्या सरकारनेही बंदी घातली. तोवर कितीजणींनी खाल्लं त्याचा हिशेब कोण ठेवतो?

ही तऱ्हा जुनीच आहे. अ‍ॅम्फेटामिन ही दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जागं ठेवायला देत असत. तीच पुढे अमेरिकेत बारीक होण्याची गोळी म्हणून खपली. जागं ठेवणारी गोळी, आणि तिने झोप उडते म्हणून वर झोपेची गोळी, अशी रंगीत पाकिटं तिथल्या दवाखान्यांतून वाटली जात. माणसं दगावली तेव्हा १९६८ मध्ये सरकारने त्यांच्यावर धाडी घातल्या. आमच्या वहिनींना कल्याणात वेगळं काय मिळालं होतं?

बंदी आली म्हणून विषय संपला नाही. 'शुद्ध आयुर्वेदिक', 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या बारीक होण्याच्या पुड्या-कॅप्सूलमध्ये गुपचूप सिब्युट्रामिन मिसळलेलं जगभर अनेकदा सापडलं आहे. लोकलच्या डब्यात, ओळखीच्या बाईकडून मिळणारी चूर्णं घेऊन झोप उडाली तर ती पुडी आधी बंद करा आणि डॉक्टरांना नेऊन दाखवा. तसंच थायरॉइडचा आजार नसताना वजनासाठी थायरॉइडच्या गोळ्या खाणारेही आहेत. त्यानेही छाती धडधडते, झोप जाते.

आता तर आठवड्याला एक घ्यायची इंजेक्शनं आली आहेत. टिर्झेपेटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये आपल्या देशात आलं. ही सिब्युट्रामिनसारखी नाहीत. ती जठरातलं अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करतात आणि भूक कमी करतात. मधुमेहाच्या कितीतरी माणसांना त्यांचा फायदा आहे, उगीच घाबरवायचं नाही. परंतु रात्री साडेदहाला कामावरून येऊन भरपेट जेवून आडवं झालं, तर अन्न तिथेच राहतं. मळमळ, आंबट पाणी घशाशी येतं, आणि झोप होत नाही. इथे जेवण लवकर आणि थोडं घेणं, उशाकडची बाजू उंच करणं, याने फरक पडतो. आणि जे सोबत इन्सुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्या घेतात, त्यांना रात्री घाम फुटून, हात थरथरून जाग आली तर साखर उतरली असण्याचा संभव आहे. त्याच वेळी साखर तपासावी, गोड काही तोंडात टाकावं, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगावं.

कमी जेवण्यावरून आठवलं. संयुत्त निकायात दोणपाक सुत्त आहे. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात खाऊन धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी त्याला मात्रेने जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज आपण जेवायला बसलो की म्हणायला सांगितलं, त्याबद्दल रोज शंभर कहापण दिले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि अंगाने हलका झाला. यात आम्हाला आवडतं ते हे, की भगवंतांनी त्याला उपाशी ठेवलं नाही, घाई केली नाही, आणि राजालाही शेजारी आठवण करून देणारं माणूस लागलं. आमच्या बायांना शंभर कहापण कोण देणार? घरातल्यांनी निदान रात्रीचं ताट लवकर वाढलं तरी पुरे.

काहीजण म्हणतात, बाबासाहेब रात्र-रात्र जागून वाचायचे, मग झोपेचं एवढं काय? अहो, ते त्यांनी आपल्यासाठी जागून काढलं. त्यांना मधुमेह होता, पायाच्या दुखण्याने ते बेजार असत. त्या जागरणाची किंमत त्यांच्या शरीराने दिली. ते पुढे करून तुमची झोप घालवू नका.

तेव्हा कोणाला असं झालं तर पहिल्यांदा वही काढा. दुपारनंतर चहा बंद करा. औषध किती वाजता घ्यायचं ते डॉक्टरांना तोंडी विचारा. काहींची वेळ बदलली तरी झोप परत येते. मनाने गोळी वाढवू नका, मनाने दुसरी जोडू नका. पुरुष मंडळी झोपेसाठी क्वार्टर मारतात, त्यांनी ऐकून ठेवावं : दारू आणि झोपेची गोळी एकत्र झाली की माणूस श्वास घ्यायचाही विसरतो. चिठ्ठीवाचून झोपेची गोळी मागूच नका. मार्च २०१४ पासून अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची नोंद दुकानदाराला वेगळ्या वहीत ठेवावी लागते, रोग्याच्या आणि डॉक्टरच्या नावासकट. तो कायदा आपल्यासाठी आहे.

छातीत दुखलं, धाप लागली, ठोके चुकायला लागले, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर, कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, जे जवळ असेल तिथे तडक जायचं. मन फार उदास झालं, नको ते विचार यायला लागले, तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. आणि औषधाचा त्रास झाला तर तो कळवण्याचा हक्क रोग्यालाही आहे. १८००-१८०-३०२४ हा त्यासाठीचा मोफत क्रमांक आहे. सिब्युट्रामिनसारखी औषधं बंद होतात ती अशा कळवलेल्या त्रासांचा हिशेब लागला म्हणूनही.

दर रविवारी वंदनेनंतर आम्ही वाचनालयात बसतो. ज्यांच्याकडे अशा गोळ्यांची पट्टी, इंजेक्शनचं खोकं किंवा कसली पुडी असेल, त्यांनी कागदासकट घेऊन यावं. त्या वेळची कॉलेजातली मुलगी आता फार्मसीत नोकरी करते, महिन्यातून एकदा तीही येते. चष्मा विसरू नका, अक्षरं फार बारीक असतात.

जय भीम. नमो बुद्धाय.