मांजराचा आहार: कच्चा की पूर्ण?



मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो आणि तिच्यापुढे ठेवतो मात्र दूधभात! हा विरोध ध्यानी आल्यामुळे काही घरांतून आता मांजरांना कच्चे मांस देऊ लागले आहेत. हेतू चांगला आहे. परंतु कच्चे अन्न म्हणजे पूर्ण अन्न नव्हे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

मांजर उंदीर खाते ते सबंध. हाडे, हृदय, यकृत यांसह. आपण आणतो ते बिनहाडाचे मांस. त्यात कॅल्शियमच्या 15 ते 20 पट फॉस्फरस असतो. मांजराला तर दोन्ही जवळजवळ सारखे लागतात. नुसत्या मांसावर वाढणाऱ्या पिलाचे शरीर आपल्याच हाडांतून कॅल्शियम ओढून घेते आणि साध्या उडीने त्याचा पाय मोडतो. यकृतही हवे, कारण वनस्पतींतील द्रव्यांपासून अ जीवनसत्त्व बनविण्याची शक्ती मांजरात नाही. पण रोज यकृतच दिले, तर त्याच जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने मानेचे मणके जखडतात.

कॅलिफोर्नियातील डॉ. फ्रान्सिस पॉटेंजर यांनी 1932 ते 1942 या काळात शेकडो मांजरांवर प्रयोग केले. शिजविलेल्या मांसावरची मांजरे खंगली, कच्च्यावरची सुदृढ राहिली. कच्च्या अन्नाचे पुरस्कर्ते आजही हाच दाखला देतात. पण मांजराला टॉरिन नावाचे द्रव्य अन्नातूनच मिळावे लागते, हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. ते पाण्यात विरघळते. मांस उकळून पाणी फेकले की तेही जाते. त्याच्या अभावी मांजराची दृष्टी जाते, हे 1975 साली कळले. 1987 साली पॉल पायन यांनी दाखविले, की टॉरिन पुरविताच मांजरांचे दुबळे झालेले हृदय सुधारते. म्हणजे गुण कच्चेपणाचा नव्हता. जे उणे होते ते भरून निघण्याचा होता.

आता धोक्याकडे वळू. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. त्याच महिन्यात अमेरिकेतील ऑरेगन राज्यात एक पाळीव मांजर याच रोगाने मेले. त्याने खाल्लेल्या कच्च्या टर्कीच्या मांसात तोच विषाणू सापडला. बर्फपेटीत ठेवल्याने काही परोपजीवी मरतात; हा विषाणू आणि साल्मोनेला मरत नाहीत. घरात तान्हे मूल, गर्भवती किंवा वृद्ध असतील, तर हा धोका मांजरापुरता राहत नाही.

तेव्हा माझा सल्ला असा: मांस शिजवा, रस्सा टाकू नका, शिजलेले हाड देऊ नका, कॅल्शियम, टॉरिन आणि जीवनसत्त्वे पशुवैद्याकडून मोजून घ्या. कच्चेच द्यावयाचे झाले, तरी हे मोजमाप चुकत नाही. वर भांडी वेगळी, हात स्वच्छ आणि उरलेले लगेच टाकणे, ही पथ्ये आली. मुक्या प्राण्यावरील प्रेमाला थोडे गणित आले, की त्याचे आयुष्य वाढते.