तार घ्यावी ती तांब्याची



ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली आणि पुढे ‘भारतनेट’ या नावाने ती सर्वांच्या परिचयाची झाली. परंतु तो तंतू भिंतीवरील डबीशी येऊन थांबल्यानंतर तेथून कारकुनाच्या मेजापर्यंत जे दहा-वीस हात अंतर उरते, त्याची तजवीज भंडारा जिल्ह्यातील सिहोऱ्यासारख्या गावी बहुधा दुकानदाराच्या मर्जीवर सोपविली जाते, आणि तो मोठ्या आकड्याची गुंडाळी पुढे करतो.

आकड्यांचे प्रकरण तसे सोपे आहे. ‘कॅट फाइव्ह ई’ ही केबल शंभर मीटरपर्यंत सेकंदास एक गिगाबिटचा वेग निभावते, आणि घराला, शाळेला, पंचायतीच्या दफ्तराला तेवढा पुरून उरतो. नवी इमारत बांधताना भिंतीत नळी घालून कायमची तार ओढावयाची असेल तर ‘कॅट सिक्स’ घ्यावी. तीतून दहा गिगाबिट सुमारे पंचावन्न मीटरपर्यंत जातात. तीस मीटरपुरती, मोठ्या संगणक-केंद्रांसाठी योजलेली ‘कॅट एट’ घरात आणणे ही निव्वळ हौस होय.

खरा प्रश्न धातूचा आहे. ज्या भंडारा जिल्ह्याची पितळी भांड्यांसाठी ख्याती, आणि ज्याच्या शेजारी बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची तांब्याची खाण, तेथील गिऱ्हाइकाने ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ लेप दिलेली तार तांब्याची म्हणून घरी न्यावी, हे मला चमत्कारिक वाटते. वेष्टनावर ‘सीसीए’ अशी अक्षरे असली तर ती हीच समजावी. अक्षरे नसली तर तारेचे टोक चाकूने खरवडावे, आत पांढरे दिसले की उलगडा झाला. अशी तार वाकविताना लवकर तुटते आणि तिचा विद्युत्-रोधही अधिक असतो. म्हणून ज्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज पुरवावयाची तेथे दूरच्या टोकाला दाब कमी पडतो, तार तापते, आणि दोष मात्र बिचाऱ्या कॅमेऱ्याच्या माथी जातो.

आतील आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात, तेही निष्कारण नव्हे. टेलिफोनच्या तारांना असा पीळ देण्याचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली घेतले. पिळामुळे शेजारच्या वीजवाहिनीचा उपद्रव जोडीतील दोन्ही तारांना जवळजवळ सारखाच पोहोचतो आणि दोहोंतील फरक तेवढा वाचणाऱ्या यंत्राच्या हिशेबी तो वजा होतो. सबब टोकाला कनेक्टर बसविताना पीळ गरजेपुरताच उलगडावा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात; एखादी तार निसटली की वेग बहुधा शंभर मेगाबिटवर उतरतो, आणि आपण कंपनीकडे तक्रारअर्ज करीत बसतो.

धान गिरणीचे गोदाम कचेरीपासून शंभर मीटरपलीकडे असेल तर तेथे तांब्याचा हट्ट सोडावा. अंतर त्याहून कमी असले, तरी दोन इमारतींमध्ये उघड्यावर प्रकाशतंतूच ओढावा, कारण आपल्याकडे मृगापूर्वीच विजा कडाडू लागतात, आणि बाहेर ताणलेली धातूची तार त्या विजेचा तडाखा दोन्ही टोकांच्या यंत्रांपर्यंत आणून पोहोचविते. काचेच्या तंतूतून ती वाट मिळत नाही, मात्र त्याच्या आवरणात आधारासाठी पोलादी तार नाही एवढे खरेदीच्या वेळीच पाहून घ्यावे.