बाळंतिणीचे चाळीस दिवस

परवा बाप्तिस्म्याच्या वेळी एका मातेने छायाचित्रास उभे राहण्यास नकार दिला. "फादर, पोट अजून उतरलं नाही," असे ती आम्हांस म्हणाली. बाळ अवघे पाच आठवड्यांचे! गर्भाशयास पूर्ववत् होण्यासच सुमारे सहा आठवडे लागतात. नऊ महिने ताणलेल्या स्नायूंस तर त्याहून अधिक अवधी हवा. हळूहळू चालावे, डॉक्टरांस विचारून व्यायामही अवश्य करावा. परंतु अंगावर पाजणाऱ्या मातेने उपाशी का राहावे? पवित्र मरियाही चाळीस दिवसांनीच मंदिरात गेली. तो सण आपण २ फेब्रुवारीस पाळतो. त्या दिवसांतील शुद्धीकरण तेवढे आम्ही धर्मगुरूंनी सांगितले, विश्रांती सांगावयाची राहिली. सासूबाईंनो, सुनेच्या पोटाविषयी बोलण्यापूर्वी तिला पोटभर जेवू घाला. आणि पुरुषहो, रात्री बाळ रडले तर तुम्ही उठा.