फळझाडांची पैदास आणि विद्यार्थ्याची मुदत

फळझाडांच्या पैदाशीत सगळ्यात महाग पडतो तो वेळ. सफरचंदाची बी पेरली तर पहिलं फळ दिसायला साधारण ५ ते ८ वर्षं जातात; एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याच्या हातात असतात २. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९१४ साली क्रँडॉल यांनी मॅलस फ्लोरिबुंडा या अगदी बारीक फळांच्या जंगली सफरचंदाचा ‘रोम ब्यूटी’शी संकर केला. त्या वंशातल्या काही झाडांना स्कॅब, म्हणजे पानाफळांवर काळपट खरबरीत डाग पाडणारी बुरशी, लागत नाही हे १९४०च्या दशकात लक्षात आलं, आणि त्यातून ‘प्रिमा’ हा वाण प्रसारित झाला १९७० साली. ५६ वर्षं गेली, कारण जंगली झाडाकडून प्रतिकारशक्ती घेताना त्याचं क्षुद्र फळही पदरात पडतं. ते घालवायला चांगल्या वाणांशी पिढ्यान्‌पिढ्या संकर करावे लागतात. अशा कामात विद्यार्थ्याने काय करावं? माझं म्हणणं असं, की त्याच्याकडून नव्या वाणाची अपेक्षाच धरू नये. नको ती रोपं लवकर आणि खात्रीने बाद करण्याचं साधन त्याने द्यावं. जनुकीय मार्कर हे ते साधन.

मार्कर म्हणजे गुणसूत्रावर हव्या जनुकाच्या शेजारी असलेली, ओळखता येणारी जागा. चार-सहा पानांच्या रोपाचा नखाएवढा पानाचा तुकडा घ्यायचा, डीएनए काढायचा, पीसीआरने त्या जागेच्या असंख्य प्रती करायच्या आणि जेलवर पट्टी उमटते का ते पाहायचं. जनकांपैकी एकातच प्रतिकारक जनुकाची एक प्रत असेल, तर निम्मी रोपं इथेच गळतात; त्यांच्यावर जमीन, पाणी, मजुरी खर्च होत नाही. मात्र शेजारी म्हणजे खुद्द जनुक नव्हे. दोघांत १ सेंटिमॉर्गन अंतर असेल, तर १०० रोपांत साधारण एकात त्यांची ताटातूट होते आणि पट्टी दिसूनही रोप रोगाला बळी पडू शकतं. म्हणून जनुकाच्या दोन्ही बाजूंचे मार्कर शोधावे लागतात, ते इतर संकरांतही चालतात का हे तपासावं लागतं. काम चिकाटीचं आहे, पण फळाची वाट न पाहता पदवीच्या मुदतीत बसणारं आहे.

जाणकार विचारतील, एवढा खटाटोप कशाला? हरितगृहात रोपांवर बुरशीचे बीजाणू फवारा आणि डाग पडतील ती उपटा. स्कॅबपुरती ही पद्धत दशकानुदशकं चालत आली आहे. पण बहुतेक स्कॅबप्रतिकारक वाण फ्लोरिबुंडाच्या व्हीएफ या एकाच जनुकावर विसंबले, आणि त्याला न जुमानणारा बुरशीचा प्रकार १९९३ साली युरोपातून नोंदवला गेला. तेव्हा एकाच रोपात दोन-तीन वेगळी प्रतिकारक जनुकं हवीत. फवारणीनंतर एक जनुक असलेलं आणि दोन असलेलं रोप सारखंच स्वच्छ दिसू शकतं. फरक मार्करच सांगतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चव, रंग, उत्पादन हे गुण अनेक जनुकांच्या छोट्या-छोट्या परिणामांतून घडतात; एखाद्या पट्टीवरून ते कळत नाहीत. हे मान्यच आहे. चव बागेतच पारखायची. पण आधीच गाळणी झाली, तर त्याच एकरात पारखायला अधिक कामाची झाडं उभी राहतात.

हा मुद्दा सफरचंदापुरता नाही. आपल्याकडे डाळिंबाच्या ‘भगवा’ वाणाच्या बागा गुटी कलमांतून वाढल्या. आनुवंशिकदृष्ट्या त्या एकाच झाडाच्या प्रती. तेल्या हा जिवाणूजन्य रोग आला, की एकाचं दुबळेपण ते साऱ्या बागेचं दुबळेपण ठरतं. इथे प्रतिकारशक्तीचा शोध एका प्रबंधात संपणार नाही. एकाने मार्कर शोधावा, दुसऱ्याने तो वेगळ्या संकरात पडताळावा, तिसऱ्याने फळ चाखावं, अशी साखळी लागेल. त्यासाठी कृषी विद्यापीठांनी विद्यार्थ्याच्या रोपांचा प्लॉट, प्रत्येक झाडाचा क्रमांक आणि वंशावळ पदवीनंतरही सांभाळली पाहिजे, आणि तो खर्च अंदाजपत्रकात आधीच धरला पाहिजे.