दोन मनोल्या : निरीक्षणाचा एक पाठ



पावसाळा सरत आला की बांधावरील गवताच्या तुऱ्यांवर चिमणीहूनही लहान पाखरांचे थवे उतरतात. त्यांना सरसकट ‘चिमण्या’ म्हणून विषय संपविला जातो. वस्तुतः ही मनोली, म्हणजेच मुनिया. तिच्या दोन जाती तुलनेने पाहिल्यास निसर्ग-अभ्यासाचा उत्तम पाठ होतो.

ठिपकेवाली मनोली व पांढऱ्या पाठीची मनोली एकाच वंशातील आहेत. लिनिअसने पहिलीचे शास्त्रीय वर्णन १७५८ साली, तर दुसरीचे १७६६ साली केले. दोघींची लांबी सुमारे १० ते १२ सेंटिमीटर. चोच जाड, शंकूच्या आकाराची, बी सोलण्यास योग्य. दोहोंतही नर व मादी दिसावयास सारखीच असतात. घरटे गवताचे, गोल व बाजूस दार असलेले, अंडी पांढरी.

भेद रंगात आहे. पहिलीचा कंठ तांबूस तपकिरी व पोट पांढरे असून त्यावर माशाच्या खवल्यांसारखी गडद नक्षी असते. दुसरीचे डोके, कंठ व छाती काळपट, पोट फिकट; आणि उडताना शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा स्पष्ट दिसतो. पहिली शेतमळ्यांत सर्वत्र आढळते. दुसरीस कोकण-सह्याद्रीसारखा अधिक पावसाचा, झाडीचा मुलूख मानवतो.

येथे एक अडचण संभवते. ठिपकेवालीची पिले साधी तपकिरी असतात. त्यांच्या अंगावर नक्षी नसते. एखादा विद्यार्थी म्हणेल, “गुरुजी, ही तिसरीच जात!” त्याला चूक म्हणून खाली बसविणारा शिक्षक त्याची दृष्टीच मिटवितो. “उडताना पाठ पाहा, थव्यात मोठी पाखरे कोणती, ते पाहा,” असे सांगणारा शिक्षक त्याला शास्त्राच्या वाटेवर आणतो. पांढरा पट्टा नाही, आणि सोबतची मोठी पाखरे खवल्यांची आहेत, असे दिसले म्हणजे उत्तर मुलाचे मुलालाच सापडते.

मात्र हे निरीक्षण दुरूनच व्हावे. घरट्यास हात लावू नये, पाखरू पिंजऱ्यात धरू नये. पूर्वी मनोल्या बाजारात सर्रास विकल्या जात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला व पुढे भारतीय रानपक्ष्यांचा व्यापार निषिद्ध ठरला. परंतु मुलाच्या हातातील गलोल कायद्यापेक्षा शिक्षकाच्या शब्दाने लवकर खाली येते. ज्या पाखराचे नाव त्याने स्वतः शोधून काढले, त्यावर तो सहसा नेम धरीत नाही.