लोखंडाच्या माहेरी
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला 'प्रवास' हा विषय दिला, तेव्हा त्यांचा हिशेब सरळ होता. हा माणूस रेल्वेत आहे, याला पास मिळतो, म्हणजे हा पुष्कळ फिरलेला असणार. खरे सांगायचे तर आमच्या खात्यात उलटे असते. मी डिप्लोमा करून पी-वेला लागलो. रूळ, स्लीपर, गिट्टी हा आमचा संसार. वीस-बावीस वर्षांत रुळाच्या कडेने पायी जेवढा चाललो, तेवढा गाडीत बसलेलो नाही. त्यामुळे काश्मीर, केरळ, युरोप यांवर मी बोलणार नाही. ते तुमच्यापैकी अनेकांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिले आहे. मी अशा भागाबद्दल बोलणार आहे जिथे कुठल्याही टूर कंपनीची बस जात नाही, हॉटेलचे बुकिंग आधी मिळेलच असे नाही आणि विचारत विचारतच जावे लागते. हा भाग परदेशात नाही. आपल्या दुर्ग स्टेशनवरून सकाळची गाडी धरली तर दुपारच्या आत तिथे पोहोचता येते.

आपण सगळे भिलाईला आलो ते लोखंडामुळे. कोणाचे वडील नागपूर-भंडाऱ्याहून आले, कोणाचे अमरावतीहून, काही थेट पुण्या-कोल्हापूरकडून. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिल्या धमनभट्टीचे उद्घाटन झाले आणि तेव्हापासून या भट्ट्यांच्या पोटात पडणारा लाल दगड दल्ली राजहराहून येतो आहे. इथे तयार होणाऱ्या २६० मीटर लांबीच्या रुळांवरच माझी नोकरी चालते. पण त्या लाल दगडाचे माहेर कसे आहे, हे पाहायला आपल्यापैकी किती जण गेले? मी आमच्या कॉलनीत सहज विचारले. दल्लीच्या पुढे गेलेले दोन निघाले, आणि त्यातला एक निवडणूक ड्युटीवर गेला होता!

दल्लीचा साठा संपत आला म्हणून रावघाटकडे नजर गेली. बैलाडिलानंतर राज्यातला सर्वात मोठा लोहखनिजाचा साठा तिथे आहे. त्यासाठी दल्ली राजहरा ते रावघाट हा ९५ किलोमीटरचा मार्ग घातला गेला. एरवी एवढी लाइन म्हणजे फार मोठी गोष्ट नाही. पण हिचे प्रत्येक स्टेशन वर्षावर्षाच्या अंतराने उघडले. २०१६ मध्ये गुदुम, एप्रिल २०१८ मध्ये भानुप्रतापपूर, पुढे केवटी, २०२२ मध्ये अंतागड आणि ३ ऑक्टोबर २०२३ रोजी ताडोकी. काम चालू असताना सशस्त्र सीमा बलाचे जवान दोन्ही बाजूंना पहारा देत होते. मी स्वतः या बांधकामावर नव्हतो, पण ज्यांनी तिथे भराव टाकले त्यांच्याबद्दल मला आदर आहे. एका हाताने लेव्हल धरायची आणि कान जंगलाकडे ठेवायचे, असे ते काम होते. रावघाटपासून जगदलपूरपर्यंतच्या पुढच्या १४० किलोमीटरलाही २०२५ मध्ये मंजुरी मिळाली आहे. आज मात्र भिलाईहून रेल्वेने जगदलपूर गाठायचे तर टिटलागड, रायगडा, कोरापूट असा ओडिशातून वळसा पडतो. रस्त्याने जे अंतर रायपूरपासून तीनशे किलोमीटर आहे, ते रुळावरून दुपटीच्या आसपास जाते.

मी पहिल्यांदा त्या गाडीत बसलो ते २०२३ च्या डिसेंबरात, एकटाच. बालोद, कुसुमकसा येईपर्यंत धानाची कापलेली शेते. दल्ली सोडली की डोंगर जवळ येतात, साल आणि सागाचे रान सुरू होते, आणि कटिंगची माती तांबडीलाल दिसू लागते. डब्यात माझ्यासारखा हिंडायला निघालेला एकही माणूस नव्हता. समोर एक पन्नाशीचे गृहस्थ बसले होते, सोबत पत्नी आणि मांडीवर एक्सरेचे मोठे पाकीट. आमच्या भिलाईतून उपचार घेऊन घरी परतत होते. त्यांनी सांगितले, पूर्वी आधी गावातून चालत सडकेपर्यंत, मग बस, मग दुसरी बस, आणि मुक्काम कोणाच्या तरी ओसरीवर. आता एक गाडी. डब्यात आणखी कोणी कोर्टाच्या तारखेला जाऊन आलेले, कोणी कॉलेजची मुले, एक बाई लेकीच्या बाळंतपणाहून परतलेली. मग त्यांनी मला विचारले, "साहब, आप उधर किसलिए?" मी म्हणालो, बघायला. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्या पत्नीने पिशवीतून उकडलेले शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले. बिनकामाच्या माणसालाही भूक लागते, असे त्यांना वाटले असावे.

आपण ज्याला 'दुर्गम' म्हणतो त्या गावाच्या दृष्टीने आपले भिलाई दुर्गम आहे, हे त्या डब्यात बसल्यावर कळते. टूर कंपनीच्या गाडीत हे कळत नाही, कारण तिथे खिडकीबाहेरचा माणूस आपल्याला काही विचारू शकत नाही.

अंतागडला उतरून मी नारायणपूरची बस धरली. छत्तीसगडमध्ये आपल्या महाराष्ट्रासारखी एस.टी. नाही, सगळ्या खासगी बसेस. वेळ कंडक्टरच्या मर्जीवर, पण कंडक्टर माणूस म्हणून उत्तम. नारायणपूरला १९८५ पासून रामकृष्ण मिशनचा मोठा आश्रम आहे. तिथे शिकून बाहेर पडलेली मुले तुम्हाला बसमध्येही भेटतात आणि सरकारी कचेरीतही. तिथला आठवडी बाजार जरूर पाहावा. चिंच, मोह, बांबूच्या टोपल्या, सल्फीची मडकी, आणि पानाच्या दोन्यात लाल मुंग्यांची चटणी, जिला चापडा म्हणतात. आंबट-तिखट लागते. मी खाल्ली. आमच्या सौ.नी दुसऱ्या खेपेला नुसती पाहिली.

त्या दुसऱ्या खेपेची एक गंमत सांगतो. २०२५ च्या जानेवारीत मी सौ. आणि मुलीला घेऊन गेलो होतो. सौ. भंडाऱ्याच्या. बाजारात एका म्हातारीने चिंच तोलता तोलता त्यांना विचारले, "तुमचो नाव काय आय?" सौ. चमकल्या आणि उत्तर सरळ मराठीत देऊन बसल्या! ही हलबी. गोंडी, भतरी बोलणाऱ्यांमध्ये देवाणघेवाणीची भाषा म्हणून बस्तरात हीच चालते. छत्तीसगढी, उडिया आणि मराठी यांचा तिच्यात मिलाफ आहे. 'काय' हा शब्द आपला, 'चो' हा प्रत्यय आपल्या 'चा'चा भाऊ. 'आमचो बस्तर' असे ते लोक अभिमानाने म्हणतात, आणि कोकणातला माणूस ते ऐकेल तर त्याला घरचेच वाटेल. ग्रियर्सनने भारतीय भाषांचे सर्वेक्षण केले तेव्हा हलबीचा समावेश मराठीच्या खंडात केला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस बस्तरचे राज्य नागपूरकर भोसल्यांचे मांडलिक झाले, हा इतिहास आहेच, पण भाषेचे नाते त्यापेक्षा खोल असावे असे मला वाटते. आपण साठ वर्षे छत्तीसगडात राहून हिंदीवर काम भागवतो, आणि दोनशे किलोमीटरवर आपल्या भाषेची एक चुलत बहीण बाजारात बसून चिंच विकते आहे, याची आपल्या मुलांना कल्पना नाही.

नारायणपूरहून कोंडागाव, जिथे घडवा कारागीर मेण आणि मातीच्या साच्यात पितळेच्या मूर्ती ओततात. तिथून जगदलपूर. चित्रकोट, तीरथगडचे धबधबे, कुटुमसरची चुनखडीची गुहा यांची नावे तुम्ही ऐकलेली आहेत, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. गुहा पावसाळ्यात बंद असते, एवढे ध्यानात ठेवा. कांगेर घाटीतल्या धुडमारास गावात तरुण मुलांनी घरगुती मुक्कामाची सोय केली आहे. आम्ही तिथे दोन रात्री राहिलो. भात, डाळ, रानभाजी आणि रात्री इतका अंधार की माझ्या मुलीने आयुष्यात प्रथमच आकाश नीट पाहिले.

जगदलपूरहून किरंदूलकडे जाणारी लाइन ही आम्हा रेल्वेवाल्यांची पंढरी. साठच्या दशकात, बैलाडिलाचे लोखंड विशाखापट्टणमच्या बंदरातून जपानला पाठवण्यासाठी ही लाइन पूर्वघाट फोडून नेली. तिच्यावरचे शिमिलिगुडा स्टेशन समुद्रसपाटीपासून ९९६ मीटर उंच आहे. ब्रॉडगेजवरचे सर्वात उंच स्टेशन म्हणून त्याची कित्येक वर्षे ख्याती होती. प्रवासी गाडी इथे सावकाश चालते, कारण खनिजाच्या रेकला वाट द्यावी लागते. तुम्ही कंटाळाल, मी कंटाळलो नाही. प्रत्येक लूपमध्ये उभे राहून मी समोरून जाणाऱ्या वाघिणी मोजत होतो आणि मुलगी मला हसत होती.

या लाइनवर गीदम आणि दंतेवाडा ही दोन स्टेशने. गणपतीच्या मंडपात उभा आहे म्हणून आता गणपतीचे सांगतो. गीदमहून आत बारसूर नावाचे लहान गाव आहे. छिंदक नागवंशी राजांच्या काळात ती मोठी नगरी होती. तिथे बत्तीस खांबांचे शिवमंदिर आहे, मामा-भाचा मंदिर आहे, आणि एका छपराखाली वालुकाश्माचे दोन गणपती शेजारी शेजारी बसलेले आहेत. त्यातला मोठा बसलेलाच माणसाहून उंच. ना मखर, ना लायटिंग. आम्ही गेलो तेव्हा तिथे एक शेळी आणि आम्ही तिघे, एवढीच गर्दी.

दुसरा गणपती ढोलकलचा. दंतेवाड्याहून फरसपाल गावी जायचे आणि तिथून गावातला वाटाड्या घेऊन जंगलातून डोंगर चढायचा. शेवटचा चढ दमवणारा आहे, गुडघेदुखीवाल्यांनी पायथ्याशीच नमस्कार करावा. वर ढोलाच्या आकाराचा एक उघडा कातळ, आणि त्याच्या टोकावर साधारण तीन फुटांची मूर्ती. मंदिर नाही, छप्पर नाही, तिन्ही बाजूंना दरी. ती दहाव्या-अकराव्या शतकातली मानतात. परशुराम आणि गणपतीचे युद्ध याच डोंगरावर झाले, फरशाने दात तुटला आणि म्हणून पायथ्याचे गाव फरसपाल, असे तिथले लोक सांगतात. जानेवारी २०१७ मध्ये कोणीतरी ही मूर्ती दरीत ढकलून दिली. तिचे तुकडे तुकडे झाले. गावकरी आणि जवान दरीत उतरले, तुकडे वेचून वर आणले, आणि पुरातत्त्वाच्या जाणकारांनी ते जोडून मूर्ती पुन्हा त्याच जागी बसवली. जवळून पाहिले तर सांधे दिसतात. आमच्या वाटाड्याने, अगदी विशीतला मुलगा, मूर्तीच्या पोटाजवळच्या एका रेषेवर बोट ठेवले आणि तो तुकडा आपल्या काकांना सापडल्याचे सांगितले. मग चपला कातळाच्या खाली काढून ठेवायला सांगून तो स्वतः बाजूला जाऊन बसला.

बारसूरजवळून वाहणारी इंद्रावती पुढे थेट आपल्या महाराष्ट्राला भिडते. भामरागडला पर्लकोटा आणि पामुलगौतमी तिला मिळतात. १९७३ साली बाबा आमट्यांनी जो लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, ते हेमलकसा तिथून अगदी जवळ. म्हणजे चित्रकोटला जे पाणी कोसळते ते प्रकाशभाऊ आणि मंदाताईंच्या दवाखान्याजवळून जाते. पावसाळ्यात पर्लकोटेचा पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, याच्या बातम्या आपण मराठी पेपरात दरवर्षी वाचतो. ती नदी आपल्या बाजूची आहे हे मात्र बातमीत नसते.

आता भीतीबद्दल. सभागृहात मागे कुजबुज चालू आहे ती मला ऐकू येते. मे २०१३ मध्ये झिरम घाटीत जे झाले ते कोणी विसरलेले नाही. अलीकडच्या वर्षांत चित्र झपाट्याने बदलले आहे, रस्ते झाले, बसेस वाढल्या. तरी मी बेफिकीर व्हा असे सांगणार नाही. जिल्ह्याच्या गावी पोहोचल्यावर आधी स्थानिक माणसाला विचारा, तो 'आज नको' म्हणाला तर चहा पिऊन परत फिरा. पायवाट सोडून रानात शिरू नका, पेरलेले स्फोटक जुने झाले म्हणून निकामी होत नाही. कॅम्प, पूल आणि जवान यांचे फोटो नकोत. बाजारातल्या बायकांचेही विचारल्याशिवाय नकोत. अबुझमाडच्या आतल्या पाड्यांत मी गेलेलो नाही आणि कोणाला जा म्हणणार नाही. चार हजार चौरस किलोमीटरचा तो डोंगराळ मुलूख, जिथे कित्येक दशके महसुलाची मोजणीसुद्धा झाली नव्हती, तिथे ओळख नसताना निव्वळ कुतूहलापोटी शिरणे मला पटत नाही. रावघाटच्या डोंगराला तिथले लोक देव मानतात आणि खाणीला त्यांच्यापैकी अनेकांचा विरोध आहे, हेही जाणून जावे. आपला पगार त्याच दगडातून निघतो. वाद घालायला जाऊ नये, त्यांनी काढला तर ऐकून घ्यावा.

खर्चाचे म्हणाल तर आम्हा तिघांचे आठ दिवस मिळून, गोव्याच्या एका पॅकेजच्या निम्म्याहून कमी लागले. कारण खर्च करायला तिथे फारसे काही नाही. दशम्या, चटणी आणि चिवडा सोबत घ्या. दंतेश्वरीच्या दर्शनासाठी पुरुषांना धोतर किंवा लुंगी नेसावी लागते, ती देवळाजवळ मिळते. रोख पैसे सुट्या नोटांत ठेवा. आणि गाडीची वेळ आदल्या दिवशी पाहा, हे मी रेल्वेवाला असूनही सांगतो.

येत्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा निघणार आहे. अंतागड, नारायणपूर, कोंडागाव, जगदलपूर, बारसूर आणि जमले तर ढोलकल. आठ जणांपेक्षा जास्त नेणार नाही, कारण गावातल्या घरात तेवढीच अंथरुणे असतात. ज्येष्ठांना बारसूरपर्यंत येता येईल. ज्यांची इच्छा असेल त्यांनी विसर्जनाच्या आत कोषाध्यक्षांकडे नाव द्यावे, पांघरूण आणि टॉर्च स्वतःची आणावी. दुर्ग स्टेशनवर भेटू.